कंडेन्सरवरचं हळदकुंकू

१

आईची शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. दाजी गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. म्हणजे, अगदी मांडीवर नव्हतं. मी तेव्हा हॉस्पिटलच्या खाली रिक्षावाल्याशी भांडत होतो, पण जीव वरच होता. आणि आईची शपथ ऐकून हळहळू नका, आई रत्नागिरीला ठणठणीत आहे. माझ्या शपथांनी ती गेली असती तर मी पाचवीतच पोरका झालो असतो.

माझं नाव दत्ताराम. भाईंदर पूर्वेला माझा एक गाळा आहे. इन्व्हर्टर, मिक्सर, लग्नाच्या हॉलचे अ‍ॅम्प्लिफायर, जे येईल ते मी उघडतो आणि बहुतेक वेळा परत बंदही करतो. गिऱ्हाइकं कमी, गप्पा ऐकायला येणारे जास्त. थापाड्या म्हणून माझं नाव झालेलं आहे आणि ते मी मेहनतीने कमावलं आहे.

सुगंधाताई माझी थोरली बहीण, माझ्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहते. दाजी म्हणजे तिचा नवरा. दिवसा बोरिवलीला कंपनीत, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि गेले. मागे राहिली ताई, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली सान्वी, आणि हॉलच्या कोपऱ्यातला दाजींचा अ‍ॅम्प.

हा अ‍ॅम्प म्हणजे आजकालची प्लॅस्टिकची पेटी नव्हे. आत काचेचे व्हॉल्व्ह पेटणारा, दोन माणसांनी उचलायचा जुना प्रकार. दाजी गेल्यावर ताईने त्याच्यावर विणलेलं कव्हर घातलं, वर दाजींचा फोटो ठेवला. मंगळवारी माझा गाळा बंद असतो, त्यामुळे दुपारचं जेवण ताईकडे. मंगळवार म्हणून मासे नाहीत. कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड. जेवून मी हॉलमध्ये आडवा होतो आणि दाजी फोटोतून माझ्याकडे, हा अजून इथेच आहे का, अशा नजरेने बघतात. जिवंतपणीही ते असंच बघायचे.

एका मंगळवारी मी जेवून हॉलमध्ये आलो तर फोटो भिंतीवर गेला होता. कव्हर निघालं होतं. अ‍ॅम्पचा लाल दिवा पेटला होता आणि सान्वी मांडीवर गिटार घेऊन बसली होती.

२

हे किती मोठं होतं ते सांगायला हवं.

सान्वीला गिटार दाजींनीच शिकवली, आणि दाजींनीच सोडायला लावली. मारलं नाही, ओरडले नाहीत. ते फक्त तिला पुरं वाजवू देत नसत. पोरगी एखादी धून सुरू करायची की हे मागून आपली गिटार घेऊन यायचे आणि तिच्या वरून वाजवायला लागायचे. तिच्याच धूनमध्ये, पण एक पाऊल पुढे, मोठ्या आवाजात. "असं नाही. असं." तरी जमलं नाही तर तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून तार दाबायचे. चांगले वाजवायचे दाजी, फार चांगले, तोच तर घोळ. एके दिवशी सान्वीने गिटार कपाटावर ठेवली. दाजी म्हणाले, "चिकाटीच नाही."

आता ती परत वाजवत होती. मीरा रोडच्या मिनल नावाच्या मैत्रिणीने मुलींचा एक ग्रुप काढला होता. त्यांना स्वतःच्या धून करणारी गिटारवाली हवी होती. रविवारी ट्रायल.

"ऐक मामा," सान्वी म्हणाली. "माझी स्वतःची आहे. हसलास तर बघ."

छोटीशी धून होती. मध्येच एका जागी अडखळायची, काहीतरी शोधत थांबायची आणि मग हळूच पुढे जायची. मला आवडली. आणि अ‍ॅम्पमधून धूनच्या खाली एक जाड गुणगुण येत होती.

"कंडेन्सर गेलाय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आमच्याकडे पाणी कसं येतं ठाऊक आहे ना? येतं तेव्हा धो धो, एरवी नळ नुसता खोकतो. म्हणून गच्चीवर टाकी. पाणी टाकीत कसंही पडो, घरात सरळ धार येते. अ‍ॅम्पमध्ये वीजही अशीच धक्क्याधक्क्याने येते आणि कंडेन्सर नावाचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे तिची टाकी होतात. डबा जुना झाला, आतून सुकला की धार तुटक होते. मग एक तर अशी गुणगुण लागते. दुसरं, तार जोरात छेडली की सूर आधी खाली बसतो आणि मग फुलत वर येतो, दम घेतल्यासारखा. गिटारवाल्यांना हे बसणं-उठणं थोडं हवंही असतं, हाताला मऊ लागतं म्हणतात. नवे मोठे डबे टाकले की आवाज फळीसारखा सरळ आणि कडक होतो. सगळी कसरत असते ती मऊ किती आणि कडक किती याची.

"आणि तिसरं," मी म्हटलं, "प्रत्येक सुराच्या खाली एक भलताच सूर ऐकू येतो. गुणगुण आणि तुझा सूर यांची भेसळ होऊन तयार होतो. घाबरायचं नाही."

सान्वी माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुलाही येतोय ऐकू?"

३

मला तो येत होता. त्यात नवल काहीच नव्हतं. असे अ‍ॅम्प मी डझनांनी उघडले आहेत.

नवल दुसरंच होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला जेवणाची सुस्ती उतरावी लागली. ही भेसळ कधी सुरात नसते. गुणगुणीची उंची ठरलेली, ती बदलत नाही. तुम्ही सा वाजवा नाहीतर प वाजवा, ती आपली तेवढंच अंतर टाकून खाली उभी राहते. त्यामुळे तो खालचा सूर हमखास बेसूर निघतो, दात आंबावेत असा.

सान्वीच्या खालचा सूर सुरात होता.

मी उठलो. गॅलरीचं दार लावलं, शेजारचा टीव्ही असेल म्हणून. शोकेसची काच दाबून धरली, ती कधीकधी थरथरते. गिटारची वायर काढली. नुसती गुणगुण उरली, जाड आणि मठ्ठ, जशी असायला हवी तशी. वायर परत लावली.

"दे इकडे," मी म्हटलं आणि स्वतः वाजवलं. मला चार सूर येतात, तेवढे काढले. खालून लगेच बेसूर भेसळ आली, नियमाप्रमाणे. इतकं वाईट कानाला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आता तू."

सान्वीने वाजवलं. खालून सूर आला तो जुळलेला, मऊ, तिच्याहून जाड. ती जिथे अडखळायची तिथे ती अडखळली, हात तारेवरून उचलून थांबली.

खालचा सूर थांबला नाही. त्याने ती जागा भरून काढली, मग थोडा पुढे जाऊन मिटला.

कंडेन्सर रिकामा होताना सूर लांबतो, मी स्वतःला सांगितलं. हे शास्त्र आहे, आणि सूर खरंच लांबतो. फक्त लांबलेला सूर आहे त्याच जागी लांबतो. चालत पुढे जात नाही.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला. ताई दारात येऊन उभी होती, हातात ओला डाव.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "छान चाललं होतं की दोघांचं."

मग तिने डाव पदराला पुसला आणि म्हणाली, "म्हणजे तुझं नि दत्ताचं."

४

दुसऱ्या दिवशी गाळा उघडा होता तरी मी ताईकडे गेलो. भाचीची काळजी वाटते असं मी नेहमी म्हणतो, त्या दिवशी ती खरोखर वाटत होती.

ताई बाजारात गेली होती. सान्वी वाजवत होती, मला बघूनही थांबली नाही. आणि मी दारातच चप्पल काढायचा राहिलो, कारण खालचा सूर आता आधी येत होता.

कसं सांगू? जिना उतरताना तुमच्या पुढे कुणी उतरत असलं की त्याचं पाऊल आधी वाजतं, मग तुमचं. तसं. खालून सूर यायचा आणि सान्वीचं बोट त्याच्या मागून तारेवर पडायचं. भेसळ व्हायला आधी दोन गोष्टी लागतात. सान्वीने सूर वाजवलाच नसेल तर भेसळ कुणाची?

माझा कान म्हातारा झाला, मी म्हटलं. जाड सूर कानाला आधी पोचतो की काय, कुठेतरी वाचलंय. कुठेच वाचलेलं नव्हतं.

"मामा," ती वाजवता वाजवताच म्हणाली, "मी नाही वाजवत हे. मी मागे मागे जातेय. सोपं जातं रे. रस्ता आयता मिळतो."

"तुझी ती अडखळायची जागा?"

"ती गेली." तिने हात थांबवला. "चांगलं झालं असेल ना? बरोबर वाजतंय आता. पण मला ती आठवतच नाहीये, मामा. काल रात्री गुणगुणून बघितली तर हीच आली तोंडात. ही त्यांची आहे. माझी नाहीये."

"त्यांची म्हणजे?"

"तू पण ना."

तेवढ्यात समोरच्या नीताबेन आल्या, ताईची वाटी परत करायला. "अरे सान्वी बेटा! मैं तो घबरा गई, मुझे लगा भाईसाब बजा रहे हैं. एकदम पापा जैसा हाथ है तेरा!"

"थँक्यू आंटी," सान्वी म्हणाली. वाटी घेतली, दार लावलं. मग दाराकडे तोंड करूनच म्हणाली, "रविवारी मला माझं वाजवायचंय. फक्त माझं. तुला दुरुस्त करता येतो ना? मग कर. तो खालचा आवाज काढून टाक."

५

ताईची परवानगी काढताना माझा घाम निघाला.

"त्याला हात लावायचा नाही."

"अगं बिघडलाय तो."

"बिघडू दे. मी बिघडले तर मला पण उघडशील?"

"ताई, पोरीला त्रास होतोय त्याचा."

ताईने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "दत्ता, हे होते तेव्हा मला या घरात मोठ्याने बोलायची चोरी होती," ती म्हणाली. "वाजवतोय ना, म्हणायचे. तेव्हा वाटायचं, एकदा गप्प होऊ दे ही पेटी. झाली गप्प. दोन वर्षं. आता कालपासून परत कुणीतरी वाजवतंय, तर तू ते काढायला आलायस."

"काढत नाही. साफ करतो. आवाज उलट चांगला येईल."

"काढलेलं काही बाहेर न्यायचं नाही. माझ्यासमोर कर."

म्हणून शनिवारी भरदुपारी, ताईच्या हॉलमध्ये जमिनीवर जुनी चादर अंथरून मी अ‍ॅम्प उघडला. आधी त्यातला साठलेला करंट उतरवला. हे डबे प्लग काढल्यावरही भरलेले राहतात, हात लागला तर माणूस भिंतीवर जातो. दाजी एकदा गेले होते. तेव्हापासून ते त्या मोठ्या डब्याला फार मानायचे. म्हणायचे, सगळ्या पेटीत जीव आहे तो याच्यात.

किती मानायचे ते आत बघितल्यावर कळलं. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, माझ्या गाळ्यात मी पक्कडीला आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीला कुंकू लावतो. दाजी गिटारला लावत असतील असं मला वाटायचं. ते मागची फळी उघडून या डब्याला लावत होते. दरवर्षीचं. हळदीवर कुंकू, कुंकवावर हळद, पापुद्रे धरले होते. डब्याच्या टाक्यावर, जिथे वायर जोडलेली असते, तिथेही.

साधं काम होतं. जुना डबा शोभेला जागेवर ठेवायचा, फक्त त्याची वायर कापायची आणि खाली नवे बसवायचे. सगळे मेकॅनिक तसंच करतात. मी कटर उचलला.

"ते कापणार तू?" ताई म्हणाली.

"वायर फक्त."

"त्यांच्या हाताचं कुंकू आहे त्याच्यावर."

मी देवभोळा नाही. पण पूजलेल्या हत्याराला कटर लावायचा नाही, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं आणि कधी अडलंही नव्हतं. हात पुढे गेला नाही. म्हणजे मागेही कुणी ओढला नाही, तसलं काही सांगत नाही. मीच नेला नाही.

मी नवे डबे आणले होते, गरजेपेक्षा मोठे. म्हटलं गुणगुणीचं नाव उरायला नको. ते मी जुन्याच्या शेजारी जोडले, त्याच्याच टाक्यावर. जुनाही जोडलेला, नवेही जोडलेले. सगळ्या टाक्या एका पाइपावर. चुकीचं काम आहे हे, गाळ्यात शिकाऊ पोराने केलं असतं तर मी कानाखाली वाजवली असती. पण चालून जातं. सुकलेल्याला नवा सांभाळून घेतो.

सांभाळून घेतो, हे मी तेव्हा मोठ्याने म्हणालो. ताईने मान हलवली.

६

अ‍ॅम्प चालू केला. व्हॉल्व्ह तापले आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. गुणगुण नाही, सुई पडावी इतकी शांतता.

"बघ," मी सान्वीला म्हटलं. "खालचं सगळं गेलं."

तिने तार छेडली.

सूर बसला नाही, उठला नाही. आला तो थेट, भरलेला, घरभर. शोकेसमधल्या कपबश्या वाजल्या. सान्वीने धून वाजवली, तीच, न अडखळता, एका दमात. जागच्या जागी वळणं, जागच्या जागी जोर. चूक शोधायला गेलो तर बोट ठेवायला जागा नाही. फार चांगलं वाजलं. ऑर्केस्ट्रात मी आवाजाचं काम बघायचो तेव्हा स्टेजच्या कडेने असंच ऐकलेलं होतं, वर्षानुवर्षं.

ताई सोफ्यावर बसली. भिंतीवरच्या फोटोकडे तिने बघितलं नाही. बघायची गरज नसल्यासारखी ती सरळ सान्वीकडे बघत होती, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला मान वळवावी लागली.

"झालं का तुझ्या मनासारखं?" मी सान्वीला विचारलं.

"मस्त," ती म्हणाली. "मस्त येतंय आता, मामा." तिने गिटार बाजूला ठेवली, वायर काढली, हात मांडीवर ठेवले. "खालचं काही नाही येत."

मी वाकून बटण बंद केलं.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बटणाबरोबर मरत नाही. डब्यांत साठलेलं असतं त्याच्यावर तो थोडा वेळ जगतो आणि मग विझतो. त्यामुळे लाल दिवा गेल्यावर स्पीकरमध्ये काहीतरी उरलं याचं मला नवल वाटलं नाही. मी कान जवळ नेला, एवढंच.

आतून कुणीतरी वाजवत होतं. अगदी लांबून. बारीक, दम लागलेलं, सूर बसत होता, उठत होता. छोटीशी धून. मध्येच एका जागी अडखळली. काहीतरी शोधत थांबली.

मी मान वळवून सान्वीकडे बघितलं. ती आईशी बोलत होती, ट्रायलला कुठला ड्रेस घालायचा वगैरे. हात मांडीवर तसेच होते, मोकळे. डाव्या हाताच्या बोटांची नखं पांढरीफटक पडली होती. तार दाबली की नखं पांढरी पडतातच, सगळ्या गिटारवाल्यांची पडतात. पण बोटांखाली तार नव्हती. बोटं तिच्या ड्रेसमध्ये रुतली होती, वरून कुणी दाबून धरावीत तशी.

अ‍ॅम्पमधली धून थांबलेल्या जागेवरून पुढे निघाली आणि तिथेच विझली.

नखांत रक्त परत आलं. सान्वीने सहज बोटं झटकली आणि म्हणाली, "निळाच घालते."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं सांगू? की टाकी साफ करताना आपण गाळ खाली बसवतो आणि वरचं पाणी घेतो. कोण वर आणि कोण खाली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

७

मग मी जे करायला हवं होतं ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई आणि सान्वी ट्रायलला गेल्या होत्या तेव्हा, माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून मी अ‍ॅम्प बाहेर काढला. ताईचं कोसणं पुढे आयुष्यभर ऐकायची तयारी ठेवून रिक्षात घातला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, चौकला घे, उत्तनच्या पुढे. जेट्टीवर मासे सुकत घातले होते. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "काय हाय रं त्यान?"

"दाजींचा बाजा."

"वाजतंय?"

"फार."

"मंग बुरवतंस कशाला? मना दे."

"नको बाबा," मी म्हटलं. "तुझ्या नातवांना वाजवायला यायचं नाही मग."

भरतीचं पाणी होतं. दोघांनी मिळून ढकलला. बुडबुडे आले, थोडं हळदीचं पिवळं पाण्यावर आलं, आणि गेलं. म्हातारा म्हणाला, "ग्येला." घरी आलो तर सान्वी दारात उभी. "मामा, मी तिथे अडखळले," म्हणाली, "आणि मिनलला तीच जागा आवडली." आणि हसली. आपलं हसणं.

८

यातला चौकचा भाग खोटा आहे.

तेवढाच. म्हातारा, जेट्टी, बुडबुडे, सान्वीचं ते दारातलं वाक्य, सगळं मी रचलं. रचताना बरं वाटलं. बाकीचं घडलं तसं सांगितलं आहे.

अ‍ॅम्प ताईच्या हॉलमध्येच आहे. रविवारी मिनलच्या मुलींनी सान्वीला ऐकलं आणि जागच्या जागी घेतलं. इतका पक्का हात त्यांनी बघितला नव्हता. आता त्यांचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. स्वतःची धून ती करत नाही; कशाला, म्हणते, आहेत त्याच किती चांगल्या आहेत. मिनल चुकली की सान्वी तिच्या वरून वाजवते. "असं नाही. असं." ताई परत हळू आवाजात बोलायला लागली आहे आणि तिचं वजन वाढलं आहे. सुखी दिसते. नीताबेन वाटी घेऊन येतात आणि दारातच उभ्या राहून ऐकतात.

तुम्ही म्हणाल, जा ना, काप ती वायर. गेलो होतो. ताई आंघोळीला होती, मागची फळी उघडून, कटर हातात धरून बसलो होतो. पण आता दोन्ही एकाच टाक्यावर आहेत, जुना आणि नवे, आणि मीच ते जोडले आहेत. कापलं तर कोण जाईल? ते की ती? विजेच्या कामात असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी फळी परत लावली.

मंगळवारी जेवण झालं की सान्वी वाजवते. संपलं की ताई म्हणते, "दत्ता, बंद कर रे." मी बटण दाबतो आणि दाबता दाबताच मोठ्या आवाजात काहीतरी सुरू करतो. विरारच्या लग्नात नवऱ्याचा घोडा स्टेजवर कसा चढला. आचाऱ्याच्या टोपात माईक कसा पडला. ताई हसते, "किती फेकतोस!" अ‍ॅम्प पुरता विझेपर्यंत मला बोलत राहावं लागतं, म्हणजे तिला दुसरं काही ऐकू जात नाही. पूर्वी एक वाक्य पुरायचं. हल्ली गोष्ट लांबवावी लागते.

मागच्या मंगळवारी घोडा स्टेजवर चढला, केक खाल्ला, उतरला, नवरीच्या बापाच्या अंगावर गेला. माझी थाप संपली. ताई पदराने डोळे पुसत हसत होती. सान्वीही हसत होती, हात मांडीवर ठेवून.

आणि खालून ती अजून वाजवत होती.